'दामेलो'ला इंग्रजीचा टेकू कशाला?

बारामतीत किंवा इंदापुरात कुणी स्पॅनिश शिकायचं म्हटलं की सल्ला ठरलेला: 'आधी इंग्रजी पक्कं कर.' हा सल्ला चुकीचा आहे. मराठी माध्यमातल्या पोरापोरींना तो दारातच अडवतो.

क्रियापदाला चिकटणाऱ्या सर्वनामांचंच घ्या, कारण नवशिक्यांची सगळ्यात जास्त दांडी तिथंच उडते. चार्जर मागायचाय, तर स्पॅनिशमध्ये एकच शब्द: 'दामेलो'. दा म्हणजे दे, मे म्हणजे मला, लो म्हणजे तो. 'दे मला तो!' घरात भावंडं भांडताना नेमकी हीच ओळ म्हणतात. चावी हवी असेल तर 'दामेला': दे मला ती. इंग्रजीवाला दोन्हीकडे 'इट' म्हणून मोकळा होतो आणि मग तो-ती पाठ करत बसतो. आपल्याला निदान ही सवय नवी नाही. (अर्थात प्रत्येक नामाचं लिंग दोन्हीकडे सारखं नसतं.)

आता साधं वाक्य: 'मे लो दास.' मला तो देतोस. शब्दाला शब्द, त्याच क्रमानं. 'तू' दोघांनीही गाळलाय. इंग्रजीतून आलात तर 'यू गिव्ह इट टू मी' आधी उलटं करा, मग स्पॅनिश करा. हा वळसा कशासाठी? नकार बघा: 'नो मे लो देस', मला तो देऊ नकोस. सर्वनामं पुन्हा क्रियापदाच्या आधी. मराठीत हा क्रम हवा तसा फिरवता येतो, स्पॅनिशमध्ये तो नियम आहे, एवढाच फरक. होकारार्थी आज्ञा असेल, किंवा क्रियापद 'देणं', 'देत' अशा रूपात असेल, तर सर्वनामं त्याच्या शेपटाला चिकटतात. आणि चिकटण्याची भीती आपल्याला? 'घरातल्यांनासुद्धा' एका दमात लिहिणाऱ्यांना?

'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे 'उलटं' म्हणून शिकवतात. कुणासाठी उलटं?

बारामतीत पियाजिओच्या आपे रिक्षा बनतात; आपे म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी. त्या भाषेतही 'दाम्मेलो'च म्हणतात. म्हणजे ही चाल एकट्या स्पॅनिशची नाही.

मराठी सगळीकडे पुरत नाही, हे खरं. 'त्याला तो देतो' हे 'ले लो दोय' व्हायला हवं, पण होतं 'से लो दोय'. ते पाठच करावं लागतं. पण तिथं इंग्रजी तरी काय मदत करते?

मुलाखतीला, नोकरीला इंग्रजी लागतं, जरूर शिका. पण ते स्पॅनिशच्या वर्गाचं तिकीट कशाला? फळ्यावर 'दामेलो'खाली 'गिव्ह इट टू मी' लिहिणाऱ्या क्लासवाल्यांनी उद्यापासून 'दे मला तो' लिहावं. फी तेवढीच घ्या हवी तर.