आयटीआयची नोंद कार्यशाळेतच व्हावी

महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, खासगी वेगळ्याच. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, टर्नर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींचा प्रवेश आता ऑनलाइन होतो, लेखी परीक्षा संगणकावर होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. डिजिलॉकरमधून दिल्या जाणाऱ्या कागदपत्राला मूळ प्रतीइतकीच मान्यता देणारे नियमही झाले. प्रवेश आणि प्रमाणपत्र या दोन्ही टोकांना झालेली ही सुधारणा चांगलीच आहे. पण मधल्या एक-दोन वर्षांची, म्हणजे मुलाचा हात खरोखर तयार होतो त्या काळाची नोंद बऱ्याच ठिकाणी अजून निदेशकाच्या वहीत आणि प्रशिक्षणार्थीच्या जॉब डायरीतच राहते. सुधारणेची सर्वाधिक गरज तिथेच आहे.

ही नोंद किरकोळ नाही. अभ्यासक्रमाच्या नियमांनुसार प्रात्यक्षिकात आणि वर्षभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनात उत्तीर्ण होण्यासाठी किमान ६० टक्के गुण लागतात, इतर विषयांत ३३ टक्के पुरतात. घडवलेल्या वस्तूची अचूकता, हत्यारे वापरण्याचे कौशल्य, कामातला नीटनेटकेपणा, मदतीशिवाय काम करता येते का, हे सारे पाहून गुण द्यायचे असतात. इतकी बारकाईची कसोटी ज्या दिवशी जॉब, म्हणजे सरावाचे काम, तपासला त्याच दिवशी लिहिली तरच खरी ठरते. वर्षाअखेरीस आठवून रकाने भरले तर अवघ्या तुकडीचे गुण एकमेकांच्या जवळपास येतात आणि हुशार व कच्चा यांतला फरक पुसला जातो. शिवाय या मूल्यमापनाचे पुरावे पडताळणीसाठी पुढच्या परीक्षेपर्यंतच जपायचे असतात. त्यानंतर उरतो तो एकत्रित आकडा. कारखान्यात शिकाऊ उमेदवार निवडणाऱ्याला त्या आकड्यावरून एवढेही कळत नाही, की या मुलाने टी आकाराची नर-मादी जोडणी किती अचूक बसवली होती, किंवा त्या मुलीने तीनफेजी मोटरची जोडणी स्वतः केली होती का.

म्हणून प्रत्येक जॉबची नोंद कार्यशाळेतच, तारखेसह, मापांसह आणि शक्य तिथे छायाचित्रासह व्हावी. ती प्रशिक्षणार्थीला त्याच आठवड्यात दिसावी, कारण कुठे कमी पडलो हे परीक्षेनंतर कळून काय उपयोग? गुण बदलायचे असतील तर जरूर बदलावेत, पण जुना आकडा, बदलणाऱ्याचे नाव आणि कारण कायम राहावे. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेचा प्राण हाच आहे. नाही तर कागदावरची खाडाखोड निदान डोळ्यांना दिसते, संगणकावरची तेवढीही दिसणार नाही.

निदेशकांवर आधीच कामाचा भार आहे, त्यात ही भर कशाला, हा आक्षेप रास्त आहे. अनेक संस्थांत पदे रिक्त आहेत आणि एकेका निदेशकावर जादा तुकड्या येतात. पण आजचा छळ दुहेरी नोंदीचा आहे: आधी वही, मग तेच गुण पोर्टलवर. नवी पद्धत आणायची तर त्याच दिवशी जुनी वही अधिकृतपणे बंद झाली पाहिजे. ते जमणार नसेल तर नवी पद्धत आणूच नये. दुर्गम तालुक्यांत नेटवर्क नसते हेही खरे, पण नोंद यंत्रातच साठवून जोडणी मिळाल्यावर पाठवणारी प्रणाली बनवणे आज अवघड राहिलेले नाही. खोटे गुण द्यायचे ठरवणारा माणूस संगणकावरही देईलच, असे काहीजण म्हणतील. देईल, मात्र एकाच दुपारी पन्नास जॉबचे गुण भरले गेले तर ते तारीख-वेळेवरून उघड होईल, आणि पडताळणाऱ्याला नेमके काय विचारायचे ते समजेल. खासगीपणाची चिंता मला अधिक गंभीर वाटते. सतरा वर्षांच्या मुलाचा फसलेला पहिला जॉब आयुष्यभर त्याच्या मालकांसमोर राहणे अन्यायाचे आहे. कोणती नोंद कुणाला दाखवायची हे ठरवण्याचा हक्क प्रशिक्षणार्थीचाच असला पाहिजे.

पुढच्या प्रवेशसत्रापासून प्रत्येक जिल्ह्यातल्या एका शासकीय संस्थेत, दोन-तीन व्यवसायांपुरती का होईना, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने ही सुरुवात करावी. पुरावे पुढच्या परीक्षेपर्यंतच जपण्याची मर्यादाही केंद्राकडून बदलून घ्यावी, म्हणजे दोन वर्षांचे काम निदान पहिली नोकरी मिळेपर्यंत मुलांच्या हाती राहील.