दुबळ्या वाचकाचे राज्य

शिक्षकाने समाजमाध्यमावर लिहिलेल्या चार ओळींची चौकशी सुरू होते तेव्हा एका संहितेचे वाचन सुरू झालेले असते. ते कोणत्या वाचकाला प्रमाण मानून व्हावे, हा प्रश्न समीक्षेचाही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर ५ ऑगस्टला जम्मू-काश्मीरचा काळा दिवस म्हटले व १४ ऑगस्टनिमित्त पाकिस्तानला शुभेच्छा दिल्या. कलम १५३-अ खाली गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी रद्द केला. न्या. अभय ओक व न्या. उज्जल भुयान यांनी लावलेली कसोटी मूळची नागपूरची, न्या. व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलेली आणि १९८८ मध्ये ‘तमस’च्या खटल्यात पुन्हा स्वीकारलेली. शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस व खंबीर माणसाच्या दृष्टीने. पावलोपावली धोका पाहणाऱ्या भेदरट मनाला तेथे प्रमाण मानायचे नाही.

फौजदारी कायद्याजवळ असा वाचक तरी आहे. सेवाशिस्तीजवळ तोही नाही. राज्य शासनाच्या २८ जुलै २०२५ च्या समाजमाध्यमविषयक सूचना स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत. म्हणजे बारामती-इंदापूरच्या वाडीवस्तीवरील जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनाही. शासकीय धोरणावर टीका करायची नाही, योजनेच्या यशाबद्दल मात्र लिहिता येते. ‘टीका’ हे नाव एकदा चिकटले की हेतू, संदर्भ, परिणाम यांची चिकित्सा अनावश्यक ठरते. फूकोने १९६९ मध्ये दाखवले होते की लेखन दंडनीय झाले तेव्हा संहितांना लेखक लाभू लागले. बार्थने जाहीर केलेला लेखकाचा मृत्यू पंचायत समितीच्या कचेरीत अद्याप पोचलेला नाही! (गुरुजींना आदेश येतात तेही बहुधा व्हॉट्सॲपवरूनच.)

शिक्षकाचा मुलांवर प्रभाव असतो, म्हणून संयम हवा, हा आक्षेप वर्गापुरता रास्त आहे. परंतु राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाने शिक्षकाला विधान परिषदेसाठी स्वतंत्र मत दिले ते त्याचे अनुभवसिद्ध म्हणणे ऐकण्यासारखे असते म्हणूनच. प्राथमिक शिक्षकाला तर तेही मत नाही. त्याला उरतो तो केवळ शब्द. विसाहून कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा काढण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला. अशी शाळा हलली तर ऊसतोड मजुराच्या सात वर्षांच्या मुलीला फडांच्या कडेने किती चालावे लागेल, हे वस्तीवरच्या शिक्षकाइतके कोणाला ठाऊक असणार? त्याने ते अंतर लिहिले, तर ती टीका की माहिती, हे कोणता वाचक ठरवणार?