मिक्सर विकत घ्यावा की भाड्याने आणावा?

'घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. लग्ने आपण कशीबशी पार पाडली. पक्के घर बांधून पाहण्याची पाळी मात्र आपल्यापैकी अनेकांवर आता कुठे येऊ लागली आहे. कोणी नोकरीतून निवृत्त होताना मिळालेल्या पैशातून, तर कोणी रमाई आवास योजनेच्या अनुदानात पदरची भर घालून घर बांधतो. गवंडी आणि सेंटरिंगवाला तेवढे बाहेरचे. खोदाई, विटांची वाहतूक, माल कालवणे हे सारे घरच्या माणसांनीच करावयाचे. अशा घरी एक प्रश्न हमखास निघतो : यंत्र विकत घ्यावे की भाड्याने आणावे?

गेल्या उन्हाळ्यात तो आमच्या साडूंकडे निघाला. चारशे चौरस फुटांचे घर, हाताशी दोन तरणे मुलगे. तालुक्याला एक जुना काँक्रीट मिक्सर चाळीस हजारांत मिळत होता. साडू म्हणाले, "साडूभाऊ, भाड्याचे पैसे पाण्यात जातात. विकत घेतला तर वस्तू आपली होते. पुढे आपणच भाड्याने देऊ." पैशासाठी मेहुणीबाईंच्या पाटल्या सावकाराकडे ठेवावयाच्या, असे जवळजवळ ठरलेच होते.

आमचे आयुष्य कचेरीत आकडे मांडण्यात गेले. आम्ही कागद घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मिक्सर किती दिवस लागणार?" मोजून पाहिले. पायाचा एक दिवस, जोत्याच्या पट्टीचा एक, लिंटेल आणि छज्ज्यांचा एक, स्लॅबचा एक आणि जमिनीच्या कोब्याचा एक. आठ महिन्यांच्या कामात मिक्सरचे दिवस अवघे पाच! विटांच्या बांधकामाचा आणि गिलाव्याचा माल थोडा थोडा लागतो, तो फावड्याने कालवता येतो.

त्यांच्या गावी भाडे दिवसाला दोन हजार आणि नेण्या-आणण्याचे पाचशे. पाच दिवसांचे झाले साडेबारा हजार. आता विकत घेण्याचा हिशेब. चाळीस हजारांचा मिक्सर काम झाल्यावर अठ्ठावीस हजारांना गेला असे धरले, तरी तूट बारा हजार. पट्टा, बेअरिंग, टायर यांच्या दुरुस्तीला चार हजार. तालुक्याहून आणण्याचे दोन हजार. चाळीस हजारांवर शेकडा दोन रुपये दरमहा व्याजाने आठ महिन्यांचे सहा हजार चारशे. बेरीज चोवीस हजार चारशे. 'आपली' वस्तू भाड्याच्या जवळजवळ दुप्पट महाग पडत होती. दहा दिवस किंवा त्याहून अधिक काम असते, तरच खरेदी परवडली असती.

पैशापलीकडचाही एक धोका आहे. स्लॅबचे काम एकदा सुरू केले की मध्येच थांबवता येत नाही. सिमेंटला पाणी लागल्यापासून ते घट्ट होऊ लागते. जुना मिक्सर दुपारी बंद पडला, तर आधीचा थर आणि नंतरचा थर एकजीव होत नाहीत आणि पावसाळ्यात नेमका तो सांधा पाझरतो. भाड्याने देणाऱ्याकडून मात्र 'बंद पडला तर तासाभरात दुसरा पाठवीन' असे कबूल करून घेता येते. डिझेल कोणाचे, चालवणारा कोणाचा, पावसामुळे काम झाले नाही तर भाडे लागेल काय, हेही आधीच विचारून कागदावर लिहून घ्यावे.

सेंटरिंगच्या पाट्या आणि टेकू तर भाड्यानेच आणावेत. मात्र दर साऱ्या कामाचा चौरस फुटावर ठरवावा, दिवसावर नव्हे. दिवसावर ठरला की टेकू लवकर काढण्याचा मोह होतो. साध्या सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला किमान १४ दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालचे किमान १४ दिवस ठेवावेत, असे भारतीय मानक सांगते. राखमिश्रित सिमेंट असेल तर अभियंत्याला विचारून आणखी थांबावे. चार दिवसांच्या भाड्यासाठी डोक्यावरचे छप्पर धोक्यात घालू नये.

हिशेब पटला. साडू गप्प झाले. तेव्हा चुलीजवळून मेहुणीबाई म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या कागदावर पाणी कुठं आहे?"

आम्ही खरोखरच खजील झालो. ताज्या काँक्रीटला साधे सिमेंट असेल तर किमान ७ दिवस आणि राखमिश्रित असेल तर १० दिवस ओले ठेवावे लागते. विटांच्या भिंती, गिलावा यांनाही रोज पाणी. म्हणजे मिक्सर पाच दिवस, पण पाणी जवळजवळ रोजच! ते चुलत्यांच्या विहिरीवरून कोण आणणार होते? मेहुणीबाई आणि त्यांची सून, डोक्यावरून. त्यांच्या खेपांना भाडे नव्हते, म्हणून त्या आमच्या बेरजेत आल्याच नाहीत.

मग त्याच कागदाच्या पाठीवर दुसरे गणित मांडले. पाण्याची छोटी मोटर आणि पाइप मिळून सहा हजार रुपये. रोज लागणारी, घर झाल्यावरही उपयोगी पडणारी वस्तू. ती विकत घेतली. मिक्सर पाच वेळा भाड्याने आला. पाटल्या हातातच राहिल्या.

पाच घरे एकाच हंगामात बांधावयाची असतील, तर मात्र गणित फिरते. मिक्सरचे पंचवीस दिवस होतात, आणि सर्वांनी मिळून घेतलेला मिक्सर परवडू शकतो. पण वही आधी आणि मिक्सर नंतर! कोणाचा दिवस कोणता, काम संपल्यावर ड्रम कोण धुणार, मोडला तर खर्च कसा वाटावयाचा, हे लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. नाहीतर ड्रममध्ये सिमेंट घट्ट होते आणि माणसांची मने तुटतात.

रमाई आवासचे अनुदान कामाच्या टप्प्यानुसार हप्त्यांनी मिळते. पहिला हप्ता यंत्रात अडकला की जोते अडते, आणि जोते अडले की पुढचा हप्ताही अडतो. म्हणून किंमत विचारण्याआधी दिवस मोजा. चार दिवसांची वस्तू भाड्याने आणा, रोजची विकत घ्या. आणि कागदाची घडी घालण्यापूर्वी तो घरातील बाईच्या हाती द्या. जे आपण मोजलेले नसते, ते बहुधा तिच्या डोक्यावर असते.