उलाळलेली गाडी आणि जाड टायर

मंडळी, आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे. त्यामुळे ज्यांच्या ड्राइव्हवेमध्ये चार बाय आठचा ट्रेलर उभा आहे आणि ज्यांनी नुकतीच त्याच्यासाठी ३३ इंची टायरची ऑर्डर दिली आहे, त्यांनी आधी चहा ठेवावा, मग वाचायला बसावं.

झालंय असं की कोविडनंतर आमच्या डेन्व्हरच्या मित्रमंडळींत एक नवीन साथ आली. प्रत्येकाला युटाच्या वाळवंटात जाऊन रात्री आकाशगंगा बघायची आहे. चांगलं आहे, मलाही बघायची होती. सरकारी बीएलएमच्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी फुकटात तंबू ठोकता येतो, साधारण चौदा दिवसांपर्यंत कोणी उठवत नाही. यापेक्षा स्वस्त सुट्टी अमेरिकेत दुसरी कुठली? पण आपण पडलो इंजिनियर. स्वस्तात झालं तर झोप कशी लागणार? मग तयार ऑफ-रोड ट्रेलरच्या किमती बघायच्या (दहा-पंधरा हजार डॉलर सहज, पुढे आकाश मोकळं), डोळे पांढरे करायचे, आणि म्हणायचं, "छ्या, हे तर घरी बनवता येईल."

इथपर्यंत माझं काहीच भांडण नाही. घरी जरूर बनवा. भांडण पुढच्या पायरीशी आहे. साध्या सामान वाहायच्या ट्रेलरला 'ऑफ-रोड' करायचं म्हणजे त्याच्यावर गोष्टी चढवायच्या, हा जो समज आहे त्याच्याशी. जाड टायर, जाड प्लायवूड, वर रॅक, रॅकवर तंबू, मागे किचन, बाजूला जेरीकॅन, पुढे दोन बॅटऱ्या. फोटोत झकास दिसतं. आणि माझं स्पष्ट मत आहे की यातलं निम्मं सामान खराब रस्त्यावर तुमच्या जिवावर उठतं, उरलेलं निम्मं चांगल्या रस्त्यावर.

हे मी शहाणपणाने बोलत नाहीये, केलेल्या मूर्खपणाने बोलतोय. माझ्या पहिल्या ट्रेलरचा हिशोब मांडतो. रिकामा ट्रेलर ३०० पौंड. पाऊण इंची प्लायवूडचे चार ताव, २६०. पंचवीस गॅलनची पाण्याची टाकी (एक गॅलन पाणी म्हणजे ८.३४ पौंड, हे आधी गुणून बघायला हवं होतं), २०८. छतावरचा तंबू आणि त्याचा रॅक, २१०. दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या, १२५. स्टीलच्या ड्रॉवरवालं किचन, ११०. स्टेपनी ५०. कूलर, खाणं, हत्यारं वगैरे १९०. बेरीज १४५३. माझ्या २०१९ च्या फॉरेस्टरची ओढायची क्षमता १५०० पौंड. म्हणजे पास! सत्तेचाळीस मार्क शिल्लक ठेवून पास. आपल्याला सवयच आहे ना, परीक्षेत पास झालं की विषय संपला.

विषय संपला नव्हता. आय-७० वर ग्रँड जंक्शन ओलांडून युटात शिरलो, ग्रीन रिव्हर मागे टाकलं. तिथून पुढे शंभरावर मैल एकही पेट्रोल पंप नाही, आणि वेगमर्यादा ८० मैल. मी ७० ने चाललो होतो, स्वतःला फार सभ्य समजत. एका उतारावर बाजूने मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा एक धक्का बसला आणि ट्रेलर मागे शेपटी हलवायला लागला. आधी थोडी, मग जास्त, मग इतकी की आरशात कधी ट्रेलरची डावी बाजू दिसायची, कधी उजवी. बायको शेजारी होती. ती ओरडली वगैरे नाही, तिने फक्त डॅशबोर्डवर दोन्ही हात ठेवले. ते हात मी विसरलेलो नाही.

माझं नशीब की मी घाबरून ब्रेक मारला नाही. स्टिअरिंग सरळ धरलं, ॲक्सिलरेटर सोडला, आणि गाडी आपोआप मंदावेपर्यंत देवाचं नाव घेतलं. पन्नासच्या खाली आल्यावर शेपटी थांबली. कडेला घेऊन उतरलो, ट्रेलर सोडवला आणि पुढचा दांडा उचलून बघितला. एका हाताने उचलला गेला.

त्या संध्याकाळी कशीबशी तंबूची जागा गाठली. फोनला रेंज आली तेव्हा तिकडे सकाळ होती, म्हणून मामाला व्हिडिओ कॉल लावला. माझा मामा वाळवा तालुक्यातला. तरुणपणी हंगामात बैलगाडीतून कारखान्याला ऊस घालायचा. मी त्याला ट्रेलर दाखवला, झालेलं सांगितलं. त्याने दहा सेकंद बघितलं आणि म्हणाला, "आरं, गाडी उलाळलीया तुझी. पाणी मागं कशाला भरलंस?"

उलाळली. म्हणजे ओझं चाकाच्या मागे जास्त झालं, पुढचा भाग वर उचलला गेला. बैलगाडी उलाळली की जू बैलांच्या मानेवर बसत नाही, वर ओढलं जातं, आणि बैलांना गाडी सांभाळता येत नाही. ऊस भरणाऱ्या प्रत्येक माणसाला हे माहीत असतं. अमेरिकेत याच गोष्टीला टंग वेट म्हणतात आणि नियम असा सांगतात की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ओझं पुढे हिचवर आलंच पाहिजे. घरी परतल्यावर मी सगळं पुन्हा तसंच भरून बाथरूममधल्या काट्यावर दांडा टेकवला. पंचावन्न पौंड. चार टक्केही नाही. पुढे ठेवलेल्या दोन्ही बॅटऱ्या मिळूनसुद्धा मागच्या पाण्याला आणि किचनला पुऱ्या पडल्या नव्हत्या. मेकॅनिकलची डिग्री माझ्याकडे आहे. मोमेंटची गणितं पहिल्या वर्षाला सोडवली होती, चांगले मार्कही होते. आणि तरी सातवी शिकलेल्या माणसाला ते दहा सेकंदांत दिसलं आणि मला आठ वीकेंड खपूनही दिसलं नाही. का? कारण ते आठही वीकेंड मी फक्त एकच प्रश्न विचारत होतो, "अजून काय लावता येईल?"

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत, कारण मीच ते आधी घेतले होते.

आक्षेप एक: "मग मोठा ॲक्सल टाक, साडेतीन हजार पौंडी. प्रश्न मिटला." नाही मिटत. साडेतीन हजार पौंडांच्या ॲक्सलबरोबर तितक्याच कडक पाट्या येतात. त्यांच्यावर हजार पौंड ठेवले तर त्या दबतच नाहीत. खडकाळ रस्त्यावर ट्रेलर चेंडूसारखा उडतो, आतली अंडी फुटतात, नट ढिले होतात, वेल्डिंगला तडे जातात. जास्त मजबूत म्हणजे जास्त टिकाऊ, हे इथे उलटं पडतं. दहा युजरसाठी दहा सर्व्हर लावणाऱ्या आर्किटेक्टला आपण मीटिंगनंतर हसतो ना? तोच प्रकार आहे हा, फक्त लोखंडात.

आक्षेप दोन: "टायर तर मोठे हवेतच." उंची हवी, मान्य. पण ती देण्याचा मार्ग म्हणजे पाट्या ॲक्सलच्या खाली असतील तर वर घेणे. तेवढ्याने साधारण चार इंच मिळतात. (एक सूचना: ॲक्सलला थोडा बाक असतो. तो उलटा फिरवून बसवू नका. बाक वरच राहिला पाहिजे, पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड करा. येत नसेल तर वेल्डरला पैसे द्या, त्यात कसला कमीपणा?) टायरच्या बाबतीत खरी चैन कोणती, तर ट्रेलरचं चाक गाडीला आणि गाडीचं चाक ट्रेलरला बसलं पाहिजे. माझ्या फॉरेस्टरचे पाच बोल्ट ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत. ते बरोबर साडेचार इंच, आणि पाच बोल्टांच्या छोट्या ट्रेलरांच्या हबचं तेच सर्रास मिळणारं माप आहे. मग एकच स्टेपनी दोघांना चालते. ही अक्कल काही माझी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन जीपमागे जो पाव टनी ट्रेलर असायचा, त्याला जीपचीच चाकं होती. दोन चाकांमधलं अंतरही जीपइतकंच, म्हणजे जीपने पाडलेल्या चाकोरीतून तो बिनबोभाट मागे यायचा. आणि त्यात भरायचं किती? पाव टन, म्हणजे ५०० पौंड. महायुद्ध लढायला ५०० पौंड पुरले, आणि आपल्याला शनिवार-रविवारला हजार लागतात!

आक्षेप तीन, आणि हा खरा आहे: "घरात लहान पोरं आहेत, आईबाबा येतात, त्यांना आराम नको?" हवा. जरूर हवा. पण मग तेवढं ओढू शकणारी गाडी घ्या, ब्रेक असलेला ट्रेलर घ्या आणि बरा रस्ता निवडा. माझं भांडण आरामाशी नाही. पंधराशे पौंडांच्या गाडीमागे अडीच हजारांचं स्वप्न बांधून त्यात पोरांना बसवण्याशी आहे.

माझा दुसरा ट्रेलर सांगतो आणि थांबतो. सांगाडा तोच, ॲक्सल नवा दोन हजार पौंडी पण पाट्या हलक्या, गाडीचीच चाकं, मिळून ३३०. खोका पाव इंची प्लायचा, तळ फक्त अर्धा इंची, १२० पौंड. पाणी बारा गॅलन, म्हणजे १००. माणशी दिवसाला एक गॅलन धरला तरी दोघांना सहा दिवस. ते आसाच्या जरा पुढे, तळाला. तंबू जमिनीवरचा, १५. लिथियमची एकच बॅटरी, १०० अँपिअर-अवर, २८. छोटा फ्रिज दोन दिवस आरामात चालतो. किचन म्हणजे प्लास्टिकचा डबा, ३५. स्टेपनी ४५. बाकी सामान १५०. एकूण ८२३ पौंड, हिचवर १०५. झाले पावणेतेरा टक्के. खर्च पहिल्यापेक्षा कमी. आयझेनहॉवर बोगद्याच्या चढावर, ११,००० फुटांच्या वर, फॉरेस्टर आता धापा टाकत नाही. आणि वेग? कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ५५ ची मर्यादा आहे. युटात ८० आहे. मी कुठेही असलो तरी कॅलिफोर्नियाचाच कायदा पाळतो. हसणारे हसतात, आरशातून लांबपर्यंत दिसतात.

दिसायला म्हणाल तर अगदीच गबाळा आहे. मागच्या महिन्यात एका मित्राने विचारलं, "हा ऑफ-रोड वाटत तरी नाही रे." नाही वाटत. पण सॅन राफेल स्वेलच्या वॉशबोर्ड रस्त्यावर तो तीनदा जाऊन आलाय, आणि तिन्ही वेळा बायकोचे हात तिच्या मांडीवर होते, शेंगदाणे सोलत.

तेव्हा विनंती एकच. पुढची ऑर्डर देण्याआधी बाथरूममधला काटा बाहेर आणा, सगळं सामान भरा, पाण्यासकट, आणि दांडा त्यावर टेकवा. आकडा एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या खाली आला तर टायर परत करा आणि काय काढता येईल ते बघा. यादी करायला मला बोलवा, मी येतो. चहा तुमचा.

ता.क. मामाला सांगितलं की गाडीला १८२ घोडे आहेत. तो बराच वेळ हसला. म्हणाला, "भरणारा शहाना आसंल तर दोन बैल बास हुत्यात."