चालणे पुरत नाही, बायांनो!

मंडळात 'स्त्रियांचे आरोग्य' असा कार्यक्रम ठरला की त्यात काय असते हे आता पाठ झाले आहे. थोडी योगासने, एखाद्या डॉक्टरचे भाषण, "कॅल्शियम घ्या" हा सल्ला, आणि मग बासुंदी. मी रोज तीन मैल चालते म्हणून मैत्रिणी मला 'अ‍ॅक्टिव्ह' म्हणतात. माझे म्हणणे असे की हे कौतुकच आपला घात करते.

पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि पुढच्या ५ ते ७ वर्षांत हाडांची २० टक्क्यांपर्यंत झीज होऊ शकते. चालणे हृदयाला उत्तम. पण हाड सवयीपेक्षा जास्त भार पडल्याशिवाय बळकट होत नाही, आणि तीन मैलांची सवय त्याला केव्हाच झालेली असते. गोळ्यांचे म्हणाल, तर ज्यांच्यात कमतरता आहे त्यांनी 'ड' जीवनसत्त्व जरूर घ्यावे. मात्र इथल्याच 'व्हायटल' अभ्यासात (२०२२) २५,००० हून अधिक सर्वसाधारण निरोगी लोकांमध्ये त्याने फ्रॅक्चर कमी झाले नाहीत.

उलट ऑस्ट्रेलियातला 'लिफ्टमोर' प्रयोग पाहा. हाडे विरळ झालेल्या, सरासरी पासष्टीच्या १०१ बायका. त्यांतल्या निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, देखरेखीखाली चांगली जड वजने उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कण्याची घनता सुमारे ३ टक्के वाढली, बाकीच्यांची घटली. "या वयात वजन कशाला उचलतेस?" असे आम्हाला विचारतात. भारतवारीच्या पन्नास पौंडी बॅगा बेल्टवरून ओढताना मात्र हा प्रश्न कोणाला पडत नाही!

आणखी एक. फ्रॅक्चरचा धोका मोजणाऱ्या 'फ्रॅक्स'ची अमेरिकन आवृत्ती वंश विचारते. रत्नागिरीची बाई आणि क्योटोची बाई, दोघी 'एशियन'. वय, वजन, हाडांची घनता सगळे तेच ठेवून 'कॉकेशियन'ऐवजी 'एशियन' निवडा, धोका कमी दिसतो. औषध सुरू करायचे की नाही हे बऱ्याचदा याच आकड्यावर ठरते. म्हणून डॉक्टरांना विचारा, कोणती चौकट भरली? डेक्सा तपासणी सर्वांसाठी ६५ व्या वर्षी सांगितली आहे. आईचे खुब्याचे हाड मोडले असेल, स्टेरॉइड घेत असाल, तर त्याआधीच मागा.

आणि मंडळाच्या कमिटीला एक विनंती. संक्रांतीला वाण द्यायचेच असेल तर प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी ट्रेनरच्या चार तासांचे कूपन द्या. सवाष्ण असो वा नसो, प्रत्येकीला.