टोकाचे प्रश्न

जमिनीचे जुने खरेदीखत ज्याने कधी सावकाशीने वाचले असेल त्याला ठाऊक असते की, त्या दस्तऐवजात देणाऱ्याघेणाऱ्यांच्या नावांइतकेच महत्त्व ‘चतुःसीमा’ या मथळ्याखालच्या चार ओळींना असते. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस गावठाणाची हद्द, असे चारी दिशांचे जबाब लिहून झाल्यावाचून कोणताही जाणता कारकून त्या कागदावर शिक्का उठवीत नसे. आणि ओढा म्हटला तरी त्याचा अलीकडचा काठ की पलीकडचा, एवढा एक शब्द लिहायचा राहिला म्हणून दोन भावांच्या दोन पिढ्या दिवाणी कचेरीच्या पायऱ्या झिजवीत राहिल्याची उदाहरणे कोणत्याही तालुक्यात सापडतील. अर्ध्या गुंठ्याच्या बाबतीत इतका काटेकोर असणारा आपला समाज देशाच्या चतुःसीमेचा विषय निघाला म्हणजे मात्र एका शब्दाच्या उत्तरावर कसा संतुष्ट होतो, हे कोडे मला गेल्या महिन्यात पडले, आणि त्याला निमित्त झाली माझ्या नातवाची सामान्यज्ञानाची उत्तरपत्रिका.

‘भारताचे दक्षिण टोक कोणते?’ या प्रश्नापुढे त्याने ‘कन्याकुमारी’ असे लिहिले होते. त्यावर तांबडी फुली होती आणि शेजारी ‘इंदिरा पॉइंट’ असा शेरा होता. त्याची तक्रार गेलेल्या गुणाविषयी नव्हती. त्याच्या थोरल्या बहिणीला दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका परीक्षेत, ‘इंदिरा पॉइंट’ लिहिल्याबद्दल अशीच फुली मिळाली होती, आणि तेथे बरोबर उत्तर म्हणून कन्याकुमारी छापलेले होते. “आजोबा, मग खरे कोणते?” असे त्याने विचारले, तेव्हा “दोन्ही खरी, खोटा आहे तो प्रश्न” एवढे सांगून मी वेळ मारून नेली. परंतु वेळ मारून नेण्यासाठी उच्चारलेले ते वाक्य मनात घोळवता घोळवता मला अधिकाधिक सत्य वाटू लागले, आणि तेच आज सविस्तर मांडावयाचे आहे.

प्रथम दक्षिणेकडेच पाहू. कन्याकुमारी ८ अंश ४ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, तर ग्रेट निकोबार बेटाचे शेवटचे टोक ६ अंश ४५ मिनिटांवर. अक्षांशातले अंतर सव्वा अंशाचे. पण या दोन स्थळांच्या मध्ये सुमारे अठराशे किलोमीटरांचे अंतर आहे. तेव्हा ‘भारताचे’ या षष्ठी विभक्तीत मुख्य भूमीच तेवढी येते, की अंदमान-निकोबारही येतात, हे प्रश्नकर्त्याने सांगितल्यावाचून उत्तर देणाऱ्याने काय करावे? बरे, ते टोक तरी कुठे स्थिर आहे? पूर्वी पिग्मॅलियन पॉइंट व पार्सन्स पॉइंट या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या, आणि पुढे इंदिरा गांधींच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या या जागी १९७२ साली दीपगृह उभे राहिले. आणि २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रालगतच्या समुद्रतळाशी झालेल्या भूकंपाने तेथील जमीनच सुमारे सव्वाचार मीटर खाली गेली, त्यामागून आलेल्या लाटांनी तिथली लहानशी वस्ती पुसून टाकली, आणि एके काळी कोरड्या भूमीवर असलेला दीपगृहाचा पाया पाण्यात उभा राहिला. आदल्या दिवशीच्या ओहोटीला जेथे माणूस उभा राहू शकत होता तेथे दुसऱ्या दिवशी समुद्र होता. गाईडमधले उत्तर मात्र जागचे हलले नाही.

आपल्या भाषेने टोकांचा व्यवहार यापेक्षा कितीतरी सावधपणे केलेला आहे, असे मला वाटते. ‘आसेतुहिमाचल’ म्हणणाऱ्याने दक्षिणेची सीमा कन्याकुमारीलाही नव्हे, तर रामेश्वराजवळच्या सेतूला मानली. कारण त्याला अक्षांश मोजावयाचा नव्हता, यात्रेचा पल्ला सांगावयाचा होता. ‘चांदा ते बांदा’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला सगळा मराठी मुलूख सुचवावयाचा असतो. १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला तेव्हापासून पूर्वेचे टोक चांद्याकडे राहिले नाही, आणि बांद्याच्या दक्षिणेस दोडामार्ग आहे, हे ठाऊक असूनही तो म्हण बदलीत नाही, कारण ती म्हण यमकाच्या जोरावर उभी आहे, मोजणीच्या नव्हे. गोव्यात तेच काम ‘पेडणे ते काणकोण’ करते. आणि १७५८ साली मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोहोचल्यापासून ‘अटकेपार’ हा शब्द पराक्रमाच्या परमावधीचा वाचक झाला, तो काही नकाशावरच्या रेषेसाठी नव्हे. म्हण सैल असते आणि आपण सैल आहोत हे ती लपवीत नाही. प्रश्नमंजूषा सैल असूनही काटेकोरपणाचा आव आणते.

उत्तरेकडे वळले म्हणजे या आवाची खरी परीक्षा होते. शाळेच्या पुस्तकात भारताचा उत्तर अक्षांश ३७ अंश ६ मिनिटे असा दिलेला असतो, व तो सरकारी नकाशाप्रमाणे यथार्थच आहे. परंतु ते स्थान पाकव्याप्त प्रदेशात पडते. भारताच्या प्रत्यक्ष ताब्यातील भूमीचे उत्तर टोक विचारले, तर सियाचीन हिमनदीच्या माथ्यावरील ‘इंदिरा कोल’ या खिंडीचा परिसर सांगावा लागतो, आणि तो जवळजवळ दीड अंश दक्षिणेस आहे. देशाच्या दोन्ही टोकांस इंदिराच आहे, हे ऐकून पुष्कळजण एकाच पंतप्रधानांचे नाव दोन जागी दिले असावे असे गृहीत धरतात. वस्तुतः या खिंडीचे नामकरण १९१२ साली, म्हणजे इंदिरा गांधींच्या जन्माच्या पाच वर्षे आधी, फॅनी बुलक वर्कमन व विल्यम या अमेरिकन गिर्यारोहक दांपत्याने केले, आणि ते लक्ष्मीच्या नावावरून. ‘इंदिरा’ म्हणजे लक्ष्मी हे आपल्याकडच्या संस्कृत शिकणाऱ्या मुलाला कोशात न पाहताही सांगता येते. पुढे १९८४ च्या एप्रिलात ‘मेघदूत’ मोहिमेने भारतीय सैन्य त्या हिमनदीवर पोहोचले, तेव्हा पंतप्रधानपदी इंदिरा गांधीच होत्या, हा केवळ योगायोग. पण चाळीस वर्षांहून अधिक काळ तेथे पहारा देणाऱ्या जवानांचा उल्लेख न करता त्या खिंडीचे नाव एका गुणासाठी पाठ करून घेणे, याला शिक्षण म्हणवत नाही.

ताबा आणि दावा यांतील हे अंतर मुलांपासून आपण दडवितो, आणि मग त्यांना विलक्षण गोष्टी पाठ कराव्या लागतात. भारताच्या भूसीमा असलेल्या शेजाऱ्यांत अफगाणिस्तान येतो, व त्याच्याशी असलेली सीमा १०६ किलोमीटरांची आहे, हे सरकारी दप्तराप्रमाणे बिनचूक आहे. परंतु त्या १०६ किलोमीटरांपैकी एकावरही आज भारतीय चौकी का नाही, हे सांगितल्यावाचून तो आकडा मुलाच्या डोक्यात घालणे म्हणजे खरेदीखत हाती देऊन कब्जा कोणाचा ते न सांगण्यासारखे आहे. आपला हक्क मुलाला अवश्य सांगावा, वस्तुस्थितीही सांगावी. दोन्ही ऐकून त्याची देशभक्ती कमी होईल, असे भय बाळगण्याचे कारण मला दिसत नाही.

पश्चिमेचे टोक कच्छच्या लखपत तालुक्यात, गुहर मोटी या गावाच्या आसपास, मानले जाते. याच लखपतच्या किल्ल्याची कथा ऐकण्याजोगी आहे: १८१९ च्या भूकंपात तेथील उत्तरेकडची भूमी वर उचलली जाऊन ‘अल्लाबंद’ म्हणतात तो बांध निर्माण झाला, सिंधूचे पाणी तुटले, आणि एक गजबजलेले बंदर भिंतींचा सांगाडा होऊन राहिले. निकोबारला जमीन बुडाली, कच्छला जमीन उठली. दोन्ही टोकांना भूगोलाने आपण स्थावर नसल्याचे दाखवून दिले. लखपतच्या पलीकडे सर खाडीचा तंटा आहे, आणि त्याचे मूळ मराठी वाचकाला परके वाटू नये, कारण ते मुंबई सरकारच्या १९१४ च्या ठरावात आहे. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, आणि कच्छच्या रावांशी त्याच्या हद्दीचा वाद मिटविण्यासाठी तो ठराव झाला होता. खाडीचा पूर्वेकडचा काठ ही सीमा, असे पाकिस्तान त्या ठरावातील नकाशाच्या आधारे म्हणते. प्रवाहाचा मध्य ही सीमा, असे भारत म्हणतो. ओढ्याचा अलीकडचा काठ की पलीकडचा, हा दोन भावांचा जुना दावा येथे दोन राष्ट्रांमध्ये चालू आहे, आणि भर म्हणून ती दलदलीतली खाडी स्वतःच आपले पात्र बदलीत असते. १९५६ ते १९६० या काळात कच्छ द्वैभाषिक मुंबई राज्यात होता, म्हणजे देशाचे पश्चिम टोक हेच आमच्या राज्याचेही पश्चिम टोक होते. त्या वेळी शाळेत असलेल्या माझ्या पिढीला हे कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

पूर्वेला किबिथू, काहो, डोंग ही अरुणाचलच्या लोहित खोऱ्यातील नावे गाईडांतून फिरतात. पण ही वस्तीची नावे आहेत, आणि वस्ती म्हणजे टोक नव्हे. पुस्तकातील ९७ अंश २५ मिनिटे हा रेखांश या गावांच्याही पूर्वेस निर्जन डोंगरांत पडतो. सूर्य प्रथम दिसण्याचा मान डोंगला दिला जातो तो तेथे सूर्य पाहावयास माणूस असतो म्हणून. त्याच खोऱ्यात १९६२ च्या नोव्हेंबरात वालाँगची लढाई झाली, हे मात्र त्या प्रश्नांच्या यादीत सहसा नसते. डोंगला सूर्य उगवल्यावर जवळजवळ दोन तासांनी तो गुहर मोटीला उगवतो, आणि तरीही दोघांच्या घड्याळात एकच वेळ असते, कारण ती मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावर ठरविलेली आहे. टोके ठरविणारा निसर्ग आणि वेळ ठरविणारे सरकार यांचा हा संबंध मुलाला समजला, तर एका तासात तो जितका भूगोल शिकेल तितका टोकांची नावे घोकून वर्षात शिकणार नाही.

हा घोटाळा आपल्याच देशापुरता आहे, असे नाही. अमेरिकेचे पूर्व टोक विचारले तर कोणीही मेन राज्यातील वेस्ट क्वॉडी हेड सांगेल, आणि पूर्वेच्या टोकाला ‘वेस्ट’ म्हणतात याची गंमतही वाटून घेईल. पण रेखांशाचा शब्दशः अर्थ घेतला तर ते टोक अलास्काच्या सेमिसोपोच्नॉय बेटावर जाते, कारण ते १८० अंशांची रेषा ओलांडून पूर्व गोलार्धात पडते. अर्थात उत्तर, पश्चिम आणि पूर्व ही तिन्ही टोके एकट्या अलास्काकडे जातात. आणि ती जातात का, तर १८८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेने शून्य रेखांश ग्रिनिचला ठरविला म्हणून. तो ग्रिनिचच्या पश्चिमेस दुसरीकडे ठरला असता तर हे बेट मुकाट्याने पश्चिमेत राहिले असते.

यावर आक्षेप येईल की, लाखो उत्तरपत्रिका तपासावयाच्या तर उत्तर एकच असले पाहिजे. ‘अवलंबून आहे’ असे उत्तर यंत्राने कसे तपासावे? आक्षेप रास्त आहे, पण त्याचा रोख चुकला आहे. एकच उत्तर हवे असेल तर अट उत्तर देणाऱ्याने ओळखावयाची नसते, प्रश्नकर्त्याने लिहावयाची असते. ‘मुख्य भूमीचे’, ‘बेटांसह’, ‘प्रत्यक्ष ताब्यातील’, ‘लोकवस्ती असलेले’, यांपैकी एखादा शब्द जोडण्यास किती शाई लागते? तो न जोडता ज्या प्रश्नाला आपण ‘फसवा’ म्हणून मिरवितो, त्यात फसविणारा भूगोल नसतो, प्रश्नकर्त्याचा आळस असतो. आणि त्या आळसाची शिक्षा विचार करणाऱ्या मुलाला होते, घोकणाऱ्याला होत नाही, कारण विचार करणारे मूल दोन्ही उत्तरांपाशी थबकते.

मोजणीच्या शास्त्राने ही शिस्त दोन शतकांपूर्वीच सांगून ठेवली आहे. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्बटनने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. दक्षिणेच्या भूशिरापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जाणारा तो महान कंस पुरा व्हावयाच्या आधीच, १८२३ साली, आपल्या वर्ध्याजवळच्या हिंगणघाट येथे त्याला मृत्यू आला, आणि उरलेले काम जॉर्ज एव्हरेस्टने पुरे केले. त्या सगळ्या उद्योगाचा पाया हाच की, कुठून मोजले आणि कशाने मोजले हे सांगितल्याखेरीज कोणत्याही अंतराला अर्थ नसतो. अगदी अलीकडचा दाखला घ्या: आपण सर्वांनी भारताचा किनारा सुमारे ७,५१७ किलोमीटर म्हणून पाठ केला, आणि आता सरकारी आकडा अकरा हजारांच्या पुढे गेला आहे. देशाला नवी भूमी मिळालेली नाही. मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर खाड्या, वळणे आणि बेटे अधिक बारकाईने मोजली, एवढेच. जुना आकडा खोटा नव्हता, त्याची अट आपण विसरलो होतो.

नातवाला मी अखेर एक जुने खरेदीखत काढून दाखविले. त्यातली चतुःसीमा त्याने मोठ्याने वाचली, मोडीतून उतरविलेली ती अक्षरे त्याला फारशी अवघड गेली नाहीत, आणि मग त्याच रीतीने देशाची चतुःसीमा लिहावयास तो बसला. ‘दक्षिणेस समुद्र’ असे लिहून त्याची लेखणी थांबली. तो जुना कारकून समोर असता तर एवढ्यावर त्याने शिक्का उठविला नसता; भरतीचा की ओहोटीचा, असे त्याने विचारलेच असते.