रस्त्यापेक्षा बरं, एवढं पुरे?

वर्धा जिल्ह्याला सेवेची सवय आहे आणि सेवा करणाऱ्याला प्रश्न विचारायचे नाहीत, हीही त्याच सवयीची बाजू. मनोरुग्णांच्या निवासाचा विषय निघाला की ती लगेच दिसते. रस्त्यावर फिरणाऱ्याला दोन वेळचं जेवण आणि अंगभर कपडा मिळतोय, आणखी काय हवं, असं भली माणसं विचारतात. बोलणं दयाळू आहे, म्हणूनच ते आधी खोडायला हवं. 'रस्त्यापेक्षा बरं' हेच माप धरलं तर तुरुंगही पास होईल.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा हे माप मानत नाही. घर नाही, घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला संस्थेत ठेवता येणार नाही, असं त्याचं कलम १९ सांगतं. कलम २० तर अगदी बारकाव्यात शिरतं: सक्तीचं मुंडण नको, गणवेशाची सक्ती नको, काम जबरदस्तीनं नको आणि केलं तर त्याचा मोबदला हवा. म्हणून जिथे उवांच्या नावाखाली सगळ्यांची डोकी एकाच मशीननं सफाचट होतात, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून हाताला येईल तो सदरा ज्याच्या-त्याच्या अंगावर चढतो, गोळी कशाची हे न सांगता तळहातावर पडते आणि निराधार योजनेचं पासबुक ऑफिसच्या कपाटात राहतं, तिथली फरशी कितीही लखलखीत असो, काळजी हलक्या दर्जाचीच.

यात सेवकांचा हेतू वाईट असतो असं नाही. रात्रपाळीला एकट्याच्या भरवशावर चाळीस जण सोपवले, तर देवमाणूसही बाहेरून कडीच लावणार. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या निवासाला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली तेव्हा साखळदंडानं बांधलेल्यांना पळताच आलं नाही. अठ्ठावीस जीव गेले. तिथेही नातेवाइकांनी माणसं श्रद्धेनंच आणून ठेवली होती.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. आपल्याकडे कुटुंब आहे, हक्कांची ही परदेशी थेरं कशाला? पण या कुटुंबात बहुतेक वेळा एक म्हातारी आईच उरलेली असते. आर्वी, हिंगणघाटहून पोराला घेऊन ती सेवाग्रामच्या ओपीडीत येते आणि गोळ्यांच्या आधी विचारते, "आमच्यामागं याचं कसं?" आज तिच्यापुढे ठळकपणे दोनच वाटा दिसतात: घर, नाहीतर नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. मधली वाट नसली की काय होतं ते सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२१ मध्ये पाहिलं. मनोरुग्णालयातून लोकांना भिक्षेकरीगृहांत हलवण्याची पद्धत ताबडतोब थांबवा, असं न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला बजावावं लागलं.

मधली वाट म्हणजे वस्तीतलं साधं भाड्याचं घर. चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेनं 'होम अगेन'मधून ती दाखवली: चार-पाच जणी एकत्र राहतात, मदतनीस सोबत असते, बाजारहाट आणि स्वयंपाक त्यांचा त्या करतात. घर लहान असलं की मदतनीसाला प्रत्येकीचा स्वभाव कळतो. कुणाची झोप उडाली, कोण जेवली नाही, हे रजिस्टर न उघडता समजतं. दर्जा इथे ठरतो.

शेजारी घर देतील का, हा प्रश्न खरा आहे. महारोगाची धास्ती याहून कमी नव्हती. तरी १९३९ मध्ये महारोग झालेले परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले तेव्हा गांधींनी त्यांना गावाबाहेर धाडलं नाही. आपल्या कुटीजवळच त्यांची कुटी उभी केली आणि त्यांच्या जखमा स्वतः धुतल्या. वर्धेकर पाहुण्यांना ती परचुरे कुटी अभिमानानं दाखवतात. मग बजाजवाडीत किंवा पुलगावात दोन खोल्या मागितल्या की घरमालकाचं तोंड का उतरतं?

अशा निवासांच्या तपासणीलाही माणूस ओळखणारी नजर हवी. २०१७ च्याच कायद्यातल्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळात दोन जागा रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा या क्षेत्रातल्या संस्थांसाठी आहेत. त्यांतली एक त्या आर्वीच्या आईला द्या. ती रजिस्टर बघत बसणार नाही. संडासाला आतून कडी लागते का, हे मात्र आधी बघेल.